पाय टेकायचा नाही

लायसनसाठी आरटीओच्या मैदानावर जो आठ काढावा लागतो, तो मी पहिल्याच खेपेला काढला होता. त्यामुळं कृषी सहायक म्हणून वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातली गावं माझ्याकडं आली, तेव्हा घरात गाडीची काळजी कुणालाच नव्हती. बाबांची स्प्लेंडर होतीच. स्कूटीपेक्षा मोटरसायकल बरी, कारण पाऊस पडून गेल्यावर आमच्याकडच्या काळ्या मातीच्या पांदणीत लहान चाक रुतून बसतं. वाशिमला आमच्या समोरच्या घरात राहणारे जमादार काका रोज सकाळी ओट्यावर चहा पीत माझं गाडी काढणं बघायचे, काही बोलायचे नाहीत. एक दिवस बोलले.

"पयते तं समद्यांचीच गाडी. तुयी चालते का?"

मग त्यांनी काम सांगितलं. गल्लीच्या तोंडापासून हापशीपर्यंत गाडी न्यायची, पण म्हातारं माणूस चालेल त्या चालीनं. थांबायचं नाही आणि पाय खाली टेकायचा नाही. ऐकायला पोरखेळ. हापशी येईस्तोवर माझे दोन्ही पाय जमिनीला घासत होते आणि हॅन्डल डावीउजवीकडं हेलकावे खात होतं. काकांनी कप धुवायला आत नेला. त्या दिवशी त्यांनी दुसरा शब्द काढला नाही. मीच संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले.

काका पोलीस खात्याच्या मोटार परिवहन विभागातले, त्यांच्या भाषेत 'एमटी'तले. भरती अकोल्याची. 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा निघाला आणि काकांची नोकरी इकडं आली. त्यांचा हात बुलेटवर बसलेला, तीही जुन्या चालीची, उजव्या पायाला गेर आणि डाव्या पायाला ब्रेक. पोलिसाची मोटरसायकल म्हटलं की आपल्याला चोराचा पाठलाग आठवतो. तो सिनेमांचा प्रताप. मी विचारलं तर म्हणाले, नोकरीत धावपळ थोडी आणि रांगणंच फार. मंत्र्याच्या ताफ्यापुढं पायलट, रामनवमीला पोहरादेवीचा बंदोबस्त, आणि दरवर्षी शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी.

या पालखीबद्दल ते बोलायला लागले की थांबत नसत. अकोला, पातूर करत ती मेडशीला आमच्या जिल्ह्यात येते, मालेगाव, शिरपूर जैन करून रिसोडला जाते आणि पुढं सेनगावच्या वाटेनं हिंगोली जिल्ह्यात उतरते. पालखी माणसाच्या पावलानं चालते. तिच्या आगेमागे गाडी ठेवायची तर गाडीनंही माणसाच्या पावलानंच चालायला हवं. पुढं पताका, मागं टाळकरी, रस्त्याच्या दोन्ही कडांना दर्शनाला आलेल्या बाया, त्यांच्या कडेवर लेकरं. अशा गर्दीत पोलिसाची गाडी डुगडुगली आणि त्यानं पाय बाहेर काढला, तर तो पाय कुणाच्या तरी पायावर पडणार. हवेवर थंड होणारं इंजिन वाऱ्याविना तापतं, पोटरीला धग लागते, आणि तसंच तासन् तास चालवत राहायचं. हे शिकवायला अकोल्याला मुख्यालयात एक उस्ताद होते. कवायतीच्या मैदानावर त्यांनी काकांच्या तुकडीला आठ काढायला लावले ते सकाळी सुरू झाले की उस्ताद म्हणतील तेव्हा थांबायचे.

मला शिकवायला काकांनी रविवार धरला. मैदान शाळेचं, सामान म्हणजे कबड्डीच्या आखणीतली उरलेली फक्की आणि कुणाच्या तरी बांधकामातल्या विटा. अंतर पावलांनी मोजलेलं. फक्कीच्या दोन समांतर रेघांमधून गाडी जमेल तितकी सावकाश न्यायची, हा पहिला धडा, आणि मला विचाराल तर तोच सगळ्यात अवघड. वेगातली गाडी आपली आपण उभी राहते. सावकाश गाडीला चालवणाऱ्यानं उभं ठेवावं लागतं. काकांची रीत अशी: क्लच पूर्ण सोडायचा नाही, पूर्ण दाबायचाही नाही, इंजिन चाकाला जिथं नुसतं ओढायला लागतं त्या जागेवर बोटं ठेवायची. रेस एकसारखी. मागचा ब्रेक पायानं हलका धरून ठेवायचा. इंजिन पुढं ओढतं, ब्रेक मागं धरतो, त्या ताणावर गाडी ताठ राहते. वेग कमीजास्त करायचा तो क्लचनं, आणि पुढच्या ब्रेकला बोटसुद्धा लावायचं नाही, कारण हॅन्डल वळलेलं असताना तो दाबला की गाडी जागेवर आडवी होते.

रेघा जमल्यावर विटांमधून नागमोडी, मग आठ. आरटीओचा आठ मोठा आणि मोकळा असतो. काकांचा आठ रविवारागणिक आवळत जायचा, मी यायच्या आत ते विटा पाऊलभर आत सरकवून ठेवायचे. आवळ वळणात गाडी आत झुकवायची आणि अंग बाहेर ठेवायचं, म्हणजे वेगातल्या वळणाच्या नेमकं उलट. तरी माझी गाडी सारखी विटेवर जायची. मी वीट चुकवायला जितकी बघायची तितकी ती चाकाखाली यायची.

"कुठी पाह्यतं वं?"

"विटेकडं."

"मंग इटीवरच जाशीन. इटीचं काय पाह्यतं, जाचं हाय तिकडं पाह्य."

आठ काढताना मान खांद्याच्या मागं वळवून, अर्धा फेरा पुढं जिथं पोचायचं त्या जागेकडं बघायचं. अंगाला हे पटतच नाही. पुढच्या चाकापाशी काय आहे ते न बघता चाक फिरवणं म्हणजे डोळे मिटून जिना उतरणं. पण मान वळली की खांदे वळतात, खांद्यांमागून हात, आणि हॅन्डल न सांगता फिरतं. मला हे आलं त्या रविवारी काकांनी कौतुकाचा शब्द काढला नाही, फक्त विटा आणखी आत सरकवल्या.

सावकाशीचं झाल्यावर थांबण्याचं. रिकाम्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात येऊन फक्कीच्या रेघेपासून ब्रेक. एप्रिल 2019 पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, लहान गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय आली. बाबांच्या गाडीला यातलं काही नाही. तिथं बोटांनाच शिकवावं लागतं: ब्रेक लागला की वजन पुढं येतं, पुढचं चाक जमिनीला घट्ट धरतं आणि मागचं हलकं होऊन घसरतं. म्हणून पुढचा ब्रेक घाबरून एकदम आवळायचा नाही, पिळत न्यायचा. आणि वळता वळता ब्रेक नाही. आधी सरळ रेषेत वेग मारायचा, ब्रेक सोडायचा, मग वळायचं. वेगात वळताना हॅन्डलची डावी बाजू हलकी पुढं ढकलली की गाडी डावीकडं झुकते, म्हणजे चाक क्षणभर उजवीकडं फिरतं, हेही त्यांनी करून दाखवलं. असं का होतं याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. मी घरी येऊन वाचलं, तेव्हा कळलं की विमानाआधी सायकली बनवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बरनं ही गोष्ट हेरली होती. तो सायकलवाल्यांना डावीकडं कसे वळता म्हणून विचारायचा, आणि ते रोज जे करत होते ते त्यांना सांगता येत नसे.

वाचायला लागल्यावर आणखी बरंच हाती लागलं. लंडनच्या पोलिसांची हेंडनला 1930 च्या दशकापासून गाडी चालवण्याची शाळा आहे. त्या शिकवणुकीतून आलेलं 'रोडक्राफ्ट' हे पुस्तक ब्रिटनमध्ये कुणीही विकत घेऊ शकतं, आणि तिथले पोलीस 'बाइकसेफ' नावाच्या उपक्रमात साध्या नागरिकांना आपल्यासोबत चालवायला बोलावतात. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ पोलिसांना 80 तासांचा मोटरसायकलचा अभ्यासक्रम शिकवतं, आणि निवृत्त मोटरसायकल पोलीस फी घेऊन नागरिकांना तेच धडे देतात. मी काकांना फोनवर तिथला एक व्हिडिओ दाखवला. गरगरीत जड हार्ले, रबरी शंकू, अगदी अरुंद जागेत वळणारा पोलीस. काकांनी चष्मा लावून तो पुन्हा पुन्हा पाहिला.

"इटीयेवजी टोपल्या हायेत," ते म्हणाले. "बाकी उस्ताद तोच."

2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, त्यांतली शंभरातली जवळपास पंचेचाळीस दुचाकीवरची. हा आकडा वाचल्यापासून मला वाटतं, खात्याच्या कवायतीच्या मैदानावरचं हे शिक्षण कुंपणाआड राहणं ही चैन आपल्याला परवडणारी नाही. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. तो वरून जातो, आणि त्याच्या खालून सोयाबीनचं पोतं, बायको आणि लेकरू घेऊन माणसं मोटरसायकलीवर जात असतात. त्यांना कुणी काका भेटलेले नसतात.

ऑक्टोबरात परतीच्या पावसानं सोयाबीनचं नुकसान झालं आणि पंचनाम्यांची घाई उडाली. मेडशीकडच्या एका आतल्या रस्त्यानं मी दिवस बुडताना परतत होते. अर्ध्या डांबरावर सोयाबीन वाळत घातलेलं, उरलेल्या अर्ध्यावर ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल. तुरीतून रोही निघाले. एक गेला, त्यामागं दुसरा, आणि तिसरा रस्त्याच्या मधोमध माझ्याकडं तोंड करून थांबला. हाकेच्या अंतरावर घोड्याएवढं जनावर. मी त्याच्याकडं बघितलंच नाही. त्याच्या शेपटीमागं रस्त्याची एक पट्टी मोकळी होती, तिच्याकडं बघितलं. गाडी सरळ ठेवून ब्रेक पिळला, सोडला, आणि गाडी त्या पट्टीतून निघाली. हातपाय थरथरायला लागले ते पुढं, पुलापाशी.

त्या रात्री पेढे घेऊन काकांकडं गेले. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "पाय टेकला का?" नाही म्हटल्यावर पेढा घेतला.

मी फीचा विषय काढला. तो त्यांनी उडवून लावला. मग मी म्हटलं, तुमच्या रिसोडकडच्या शेताचं सगळं मी बघते. त्यांच्या तुरीला दरसाल मर लागायची. मी त्यांना मर रोगाला दाद न देणारं वाण सुचवलं, पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळायला लावलं, त्याच तुकड्यात तुरीवर तूर घेणं थांबवलं, माती तपासून आणली. पुढच्या हंगामात तूर उभी राहिली. मी म्हटलं, काका, झाली बरोबरी.

"काहून? ते तं तुयं सरकारी काम हाय. तुले पगार भेटते त्याचा."

"मग तुम्ही मला शिकवलं ते?"

"मले सरकारनं शिकोलं. गाडी सरकारची, पेट्रोल सरकारचं. पण तुले शिकवाचा पगार कोनं देल्ला मले?"

यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. मी पिढीजात हिशेबी घरातली. आमच्याकडं उसन्या आणलेल्या वाटीभर साखरेचं देणंसुद्धा सणाच्या आधी फिटतं. हे देणं फेडायला गेलं की काका त्यातली रक्कमच काढून घेतात.

यंदा जूनमध्ये मात्र ते आपण होऊन आले. पेरणीची ऐन धांदल, माझ्या फोनला उसंत नाही. ओट्याखाली उभे राहून म्हणाले, पालखी शिरपुराले येऊन राह्यली, मले घेऊन चाल. त्यांच्या गुडघ्यांनी आता गाडीला नकार दिला आहे. जन्मभर दुसऱ्याच्या मागं न बसलेला माणूस हेल्मेट घालून माझ्या मागं बसला. जाताना रस्ताभर मागून सूचना: गेर बदल, ट्रक दिसला का, रेस कमी. शिरपूरच्या अलीकडं पालखी गाठली. पांढऱ्या कपड्यांतल्या वारकऱ्यांच्या शिस्तशीर रांगा चालल्या होत्या, कडेला दर्शनाची गर्दी. त्या गर्दीच्या बाजूनं मी अर्ध्या क्लचवर, मागचा ब्रेक धरून, त्यांच्या पावलांनी गाडी चालवत राहिले. मागच्या सूचना बंद झाल्या. माझी पोटरी तापली. एका बंदोबस्तावरच्या तरुण शिपायानं हात करून आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं, तो स्वतः बुलेटवर होता आणि त्याचे दोन्ही बूट डांबराला घासत होते.

काका माझ्या कानाशी वाकले. "याले सांग," म्हणाले, "रईवारी शायेच्या मैदानावर ये म्हना. सात वाजता. इटी म्या मांडून ठेवतो."