यवतमाळचें हिरवें अभ्रक

अभ्रक म्हटलें कीं चकाकणारा, नखानें पापुद्रा निघणारा पदार्थ डोळ्यांपुढें उभा राहतो. वैद्यांच्या डबींतील अभ्रकभस्म आणि कोडरम्याच्या खाणी, एवढाच आमचाहि त्याच्याशीं परिचय होता. म्हणून भूविज्ञान शिकणारा आमचा पुतण्या "यवतमाळच्या रानांत तुम्हांला हिरवें अभ्रक दाखवितों, काका" असें म्हणाला, तेव्हां आम्ही ती थट्टाच समजलों.

फाल्गुनांतील एका सकाळीं आम्ही यवतमाळहून पांढरकवड्याच्या वाटेनें निघालों. दुतर्फा सागाची पानगळ झालेली, मधूनच पळस फुललेला, आणि शेतांत वेचणी संपलेल्या पऱ्हाट्या उभ्या. जिल्ह्याच्या पूर्वेस वणीकडे कोळसा व चुनखडी सांपडते. परंतु बाकीचा बहुतेक मुलूख काळ्या पाषाणाचा. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं भूगर्भांतून थरावर थर वाहिलेल्या लाव्हारसाचा तो दगड होय. रस थिजतांना त्यांतील वायूंचे बुडबुडे ज्या भागांत कोंडले गेले, तेथें पोकळ्या राहिल्या. पुढें पाणी झिरपून त्यांत निरनिराळीं खनिजें भरलीं. या ठिपकेदार दगडास आपल्याकडे मांजऱ्या खडक म्हणतात.

तो पाहावयास डोंगर फोडावा लागत नाहीं. नव्या विहिरीचा ढीग पुरतो. रस्त्याकडेला असा एक ढीग दिसला. शेताचे मालक, एक वृद्ध गृहस्थ, बाभळीखालीं बसले होते. त्यांची परवानगी घेऊन आम्ही दगड निवडूं लागलों. थोड्याच वेळांत एक हिरवा डाग दिसला आणि आम्ही "तांबें!" म्हणून ओरडलों.

पुतण्या हंसला. "नखानें ओरखडून पाहा," तो म्हणाला. तांब्याचें हिरवें खनिज, मॅलाकाइट, नखास दाद देत नाहीं, आणि सौम्य आम्ल टाकल्यास फसफसतें. येथें नख सहज उमटलें, बोटास साबणासारखा गुळगुळीत स्पर्श लागला, आणि आम्लाचा थेंब निमूट पडून राहिला. रंग समुद्राच्या पाण्यासारखा निळसर हिरवा. चकाकी मुळींच नाहीं. एक पोकळी फुटली तेव्हां मांडणी स्पष्ट दिसली: भिंतीस हिरवें अस्तर, आणि त्यावर ह्यूलँडाइटचे पांढुरके स्फटिक. अर्थात् अस्तर आधीं बसलें, स्फटिक मागाहून वाढले.

याचें नांव सेलॅडोनाइट. ग्लॉकर यानें १८४७ सालीं तें दिलें. समुद्रहरित रंगाच्या फ्रेंच नांवावरून तें आलें आहे. याची घडण अभ्रकाचीच. थरावर थर आणि मध्यें पोटॅशियम. मात्र कण इतके सूक्ष्म कीं पापुद्रा डोळ्यांस दिसत नाहीं. एकाच घरांतील दोन भावांपैकीं एक झगमगीत वस्त्रांचा शोकी आणि दुसरा खादी नेसणारा असावा, तसा हा प्रकार! खनिज म्हणून हें कांहीं दुर्मिळ नव्हे. त्यास अभ्रक म्हणून ओळखणारे मात्र विरळा. अजिंठ्याच्या चित्रकारांनीं हिरव्या रंगासाठीं वापरली ती याच जातीची हिरवी माती.

नमुना घासून धुऊं नये, कारण अस्तर निघून जातें. कापसांत गुंडाळून त्यावर गांव, खोली व तारीख तेथल्या तेथें लिहावी. आम्ही चिठ्ठीवर ऐटीत "सेलॅडोनाइट" लिहिणार, तोंच पुतण्यानें हात धरला. क्लोराइट वगैरे दुसरीं हिरवीं खनिजेंहि अशींच दिसतात. क्ष-किरणांची परीक्षा झाल्यावांचून निर्णय नाहीं. म्हणून लिहिलें, "सेलॅडोनाइट असावें."

इतका वेळ ते वृद्ध गृहस्थ मुकाट पाहत होते. आतां म्हणाले, "येवढे दगड वळखता, तं पाणी कुठं हाय थे सांगा न जी." विहीर ४० फूट गेली होती आणि तळ कोरडा होता. कापसाचे पैसे तींतच गेले होते.

कांहींतरी दिलासा द्यावा असें आमच्या ओठांवर आलें. परंतु पुतण्या म्हणाला, "बाबा, खडक कुजका, भेगाळ असला तर पाणी धरतो, येथें पोकळ्या भरल्या आहेत, भेगाहि दिसत नाहींत. आणखी खोल गेल्यास लागेल कीं नाहीं, हें मला सांगतां येत नाहीं. खर्च करण्यापूर्वीं यवतमाळास भूजल सर्वेक्षणाच्या कचेरींत विचारा." त्यानें कचेरीचें नांव कागदावर लिहून दिलें. वृद्धानें तो कागद घडी करून खिशांत ठेवला आणि आम्हांस उन्हांतून जाऊं न देतां आपल्या मडक्यांतलें पाणी पाजलें. तें दूरच्या हातपंपावरून आणलेलें होतें.

नमुना आतां आमच्या दिवाणखान्यांतील कपाटांत आहे. पाहुणे त्याचा रंग वाखाणतात. मुलें चिठ्ठीवरील "असावें" वाचून हंसतात. पावसाळ्यानंतर त्या वाटेनें पुन्हां जाण्याचा आमचा मनोदय आहे. या खेपेस दगड आणावयाचे नाहींत. विहिरींत डोकावून यावयाचें आहे.