पाव तिकीट, पाटोदा

अहिल्यानगरच्या स्टेशनावर बीडची गाडी उभी आहे, हे अजूनही डोळ्यांना पटत नाही. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ती सुरू झाली. परळीपर्यंतचा २६१ किलोमीटरचा हा मार्ग मंजूर झाला होता १९९५ मध्ये. मागणी तर त्याहून कितीतरी जुनी. 'रेल्वे येणार, रेल्वे येणार' ऐकत बीडच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. माझी आत्या त्यातलीच. तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. "रेल्वेचेबी पाय माझ्यासारखेच दिसतेत," ती म्हणायची, आणि आधी स्वतःच खदाखदा हसायची. मग ऐकणाऱ्याला हसायची परवानगी मिळायची. गाडी सुरू झाली तेव्हा अक्का नव्हती. दिवाळीच्या तोंडावर तिच्या पाटोद्याला जायचं ठरलं, तेव्हा मुद्दाम रेल्वेने निघालो.

गाडीला घाई नाही. आष्टी गेल्यावर माळ सुरू होतो आणि उतारावरची शेतं दिसू लागतात. यंदा सप्टेंबरच्या पावसाने धुऊन नेलेलं सगळं उघड्यावर पडलं होतं. बोंडातला कापूस काळवंडलेला, सोयाबीन जागेवरच कुजलेलं, बांध फुटलेले. शेजारच्या सीटवरचा शेतकरी बाहेर न बघता मोबाइल बघत होता. रायमोहा आलं तेव्हा मात्र मी दाराशी जाऊन उभा राहिलो. नाथांच्या पालखीच्या वाटेवरचं हे गाव. ज्येष्ठ वद्य सप्तमीला एकनाथमहाराजांच्या पादुका पैठणहून निघतात आणि बीड जिल्ह्याचा हा डोंगरी पट्टा ओलांडून पंढरपूरला जातात. पाटोदा तालुक्यात पारगाव घुमरेला रिंगण होतं. अक्काचं वर्ष दिवाळीपासून नव्हे, या पालखीपासून मोजलं जायचं.

लहानपणी अक्काला ताप आला आणि दोन्ही पाय गेले. 'इंजेक्शननं पाय गेले' असं घरात शेवटपर्यंत सांगत. त्या पिढीत गावोगाव हीच समजूत. पोलिओ हा शब्द आमच्याकडे फार उशिरा आला. डावा पाय अगदीच लुळा; उजव्यावर ती उभी राहू शकायची, गुडघा हाताने मागे दाबून धरला तर. दोन-चार पावलं अशी, बाकी घरात बसून सरकत आणि बाहेर हाताने फिरवायच्या तीनचाकीवर. कॅलिपरचे बूट मिळाले होते. ते खुंटीला. "ते घालून मी चालते का ते मला चालवतेत, तेच कळत नाही," असा निकाल देऊन तिने ते बाजूला ठेवले.

बीडला उतरून पाटोद्याची एसटी धरली. एसटीत चढायची अक्काची एक रीत होती. दाराच्या पायरीला पाठ करायची, दोन्ही तळवे मागे टेकवायचे, खांद्याच्या जोरावर अंग उचलून पायरीवर बसायचं, मग पुढची. पाय मागून ओढले जायचे, पदर दातात. कंडक्टरने दंडाला धरलं की ओरडायची, "हात सोड, तोल जातो!" आत बसल्यावर मात्र त्याच कंडक्टरला घरातलं सगळं विचारायची. अपंगांना तिकिटात ७५ टक्के सवलत; त्यामुळे ती स्वतःला 'पाव तिकीट' म्हणवून घ्यायची. अर्ध्या तिकिटावर जाणाऱ्या आम्हा पोरांपेक्षा आपण स्वस्त, याचा तिला कोण अभिमान!

मांजरसुंब्याला गाडी थांबली तेव्हा रस्त्याकडेला सीताफळांचे ढीग लागले होते. बालाघाटच्या या डोंगरातल्या सीताफळाला, बीडचं सीताफळ म्हणून, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. डोळे उघडलेलं फळ बघून घेतलं. बिया मोजायला अक्का नसल्याने सावकाश खाता आलं. ती पैज लावायची आणि लबाडी करायची.

पाटोद्यातलं घर आता भाड्याने दिलंय. पुढच्या पडवीत अक्काचं शिलाई मशीन असायचं. पायाचं चालणार नव्हतं म्हणून हातमशीन: उजव्या हाताने दांडा फिरवायचा, डाव्याने कापड सरकवायचं. त्या मशीनच्या वर भिंतीला एक पट्टी ठोकलेली होती आणि तिच्यावर किल्ल्या. दिवाळी झाली की इथली माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल घेतलेली, आणि सहा-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. गल्लीतली घरं कुलूपबंद. किल्ल्या अक्काकडे, शाळेसाठी मागे ठेवलेली पोरंही बऱ्याचदा अक्काच्याच डोळ्यांखाली. फडावर जाऊ न शकणारी ती एकटी, म्हणून अर्धी गल्ली तिच्या ताब्यात! कुणाच्या घरात उंदीर झाले, कुणाच्या पत्र्यातून गळतंय, सगळा हिशेब तिच्याकडे. पल्स पोलिओच्या रविवारी गल्लीतली लेकरं तीनचाकीवर घेऊन बूथवर ती पहिली हजर. जानेवारी २०११ मध्ये हावड्यात देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. मी तिला बातमी वाचून दाखवली. "चला, नवी भरती बंद," ती म्हणाली, आणि मशीनचा दांडा फिरवू लागली.

पालखी आली की तिच्या पडवीत तुटलेल्या पडशा, उसवलेल्या पिशव्या यायच्या. पैसे घ्यायची नाही. बदल्यात दिंडीतल्या बुवांना कूर्मदासाची गोष्ट सांगायला लावायची. पैठणचा कूर्मदास, हात नाहीत, पाय नाहीत. कीर्तनात पंढरी ऐकली आणि पोटावर सरकत निघाला, रोज कोसभर. लऊळला अंग थकलं. मग विठ्ठलच अरणच्या सावता माळ्याला भेटून त्याच्याकडे आला. माढा तालुक्यात कुर्डुवाडीजवळ लऊळला त्याचं मंदिर आहे. बुवा भेटीपाशी रंगायचे. अक्काला वेगळंच हवं असायचं. "रोज कोसभर, म्हंजे रोज नव्या दारात मुक्काम. त्याला घास कुणी भरवला? तोंड कुणी धुतलं? त्यांची नावं सांगा की." बुवांकडे उत्तर नसायचं. आम्ही पोरं विचारायचो, देवाने त्याला हातपाय दिले का? "न्हाई. भेटला. बास."

तिच्या दहाव्याला बोलायला उठलेल्या प्रत्येकाने 'अपंगत्वावर मात' केली असं सांगितलं. मला ते आजही पटत नाही. तिने मात बित काही केली नाही. पडवीची पायरी काढून उतार करून घेतला, कडी हाताशी लावून घेतली, आणि ज्याची गरज लागेल त्याला हक्काने हाक मारली. हाकेला माणसं होती. उरलेला वेळ हसायला मोकळा होता.

दुसऱ्या दिवशी जामखेड रस्त्याने सौताड्याला गेलो. विंचरणा नदी इथे कड्यावरून खोल दरीत उडी घेते आणि तळाशी रामेश्वराचं देऊळ. पाऊस लांबल्याने धार अजून जाड होती. एका श्रावणात इथल्या पायऱ्या अक्का बसून उतरली होती, एकेक करत. भाच्यांनी पाठीवर घेऊ म्हटलं, तर "आधी देव बघून घेते, मग मला उचला" म्हणून वर येतानाच पाठीवर बसली. लुगड्याला मागे भलं मोठं भोक पडलं. त्यावर तिने दुसऱ्याच रंगाचं ठिगळ मारलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं, "हे सौताड्याचं."

पायऱ्या उतरताना एक कुटुंब भेटलं. आजोबांना गाडीतच बसवून आले होते. त्यांना म्हटलं तेच इथे लिहितो: वरच्या कठड्यापासूनही धबधबा चांगला दिसतो, तिथवर हाताला धरून नेता येतं. सौताड्याला जाल तर घरातल्या अशा माणसाला गाडीत ठेवू नका. आणि दंडाला धरण्याआधी, धरू का, एवढं विचारा.