इंजिनाचा ठोका
गेल्या उन्हाळ्यांत चाळीसगांवाहून कन्नडास जाणारा औट्रम घाट आम्ही पुतण्याच्या जुन्या मोटारींतून चढत होतों. आंत घरचीं सात माणसें. चढ लागला तरी पुतण्यानें गिअर उतरविला नाहीं. तोंच पत्र्याच्या डब्यांत खडे हालवावे तशी खडखड इंजिनांतून ऐकूं येऊं लागली.

“गिअर उतरव,” आम्ही म्हणालों. त्यानें तसें करतांच आवाज थांबला. “काका, हें काय होतें?” त्यानें विचारलें.

वाचकहो, ठिणगी पडली म्हणजे ज्वाला पेट्रोलच्या वाफेंतून क्रमानें पुढें सरकते. तिच्यापुढील न जळलेला अंश दाबानें तापतो. त्यांत हायड्रोजन पेरॉक्साइडासारखे अस्थिर पदार्थ बनून फुटतात, आणि ज्वाला पोंचण्यापूर्वींच तो अंश आपोआप एकदम पेटतो. त्याच्या दाबलहरी धातूवर आदळतात; तोच हा ठोका. सरळ साखळीचे रेणू लवकर फुटतात, फांद्या असलेले तग धरतात. म्हणूनच नॉर्मल हेप्टेनला 0 व आयसोऑक्टेनला 100 अंक देऊन पेट्रोलची ऑक्टेनसंख्या ठरवितात.

1921 सालीं अमेरिकेंत थॉमस मिजली व त्याचे सहकारी यांना असें आढळलें कीं, टेट्राएथिल लेड हें शिशाचें संयुग किंचित् मिसळल्यास ठोका थांबतो. ठोका थांबला खरा. पण शिसें धुरावाटे हवेंत गेलें, आणि तें बालकांच्या मेंदूस फार घातक. आपल्या देशांत तें पेट्रोल 2000 च्या फेब्रुवारींत बंद झालें. मोटारींसाठीं त्याची शेवटची विक्री 2021 सालीं अल्जीरियांत थांबली. आतां ऑक्टेन वाढविण्यास उसामक्याचें इथेनॉलहि वापरतात.

2000 पूर्वींचीं कित्येक वर्षें आम्ही हमरस्त्याकांठच्या शाळेंत संस्कृत शिकविलें. मुलांना मोकळी हवा मिळावी म्हणून खिडक्या आवर्जून उघड्या ठेवीत असूं. ज्यांना रूपें पाठ होत नसत, त्यांस आम्हीं ‘मंदबुद्धि’ म्हणून हिणविलें. त्यांपैकीं कोणास शिसें बाधलें होतें, हें आज सांगतां येणार नाहीं. परंतु तो शब्द आमचाच होता.

घरीं परतल्यावर नातू ‘राम’ शब्द चालवितांना तृतीयेशीं अडखळला. जुना शब्द ओठांवर आला होता. पण आम्हीं चढ पाहिला, गिअर उतरविला, आणि त्याच्याबरोबर प्रथमेपासून पुन्हां म्हणूं लागलों.