हवेचा काटा

दिवा जंक्शनवर लोकलने माणसे येतात. तांदळाचे कट्टे येत नाहीत. म्हणून दिवा पूर्वेला घाऊक किराणा-धान्याचा व्यापार करणाऱ्या कुटुंबाची खरी भिस्त दारात उभ्या असलेल्या पिकअपवर असते. तुर्भ्याच्या दाणाबाजारात भरलेला माल महापेमार्गे पारसिकच्या डोंगररांगेचा चढ ओलांडून शिळफाट्याला येतो आणि तेथून दिवा-शीळ रस्त्याची धूळ खात दुकानापाशी पोहोचतो. अशाच एका दुकानाची २०१७ सालची डिझेल पिकअप पावसाळ्याच्या तोंडावर त्या चढावर दम टाकू लागली. जो चढ ती भरल्या मालानिशी तिसऱ्या गिअरमध्ये चढत असे, तेथे दुसरा गिअर टाकावा लागू लागला. लिटरमागे बारा किलोमीटरचा ॲव्हरेज दोन महिन्यांत साडेनऊवर उतरला.

व्यापाऱ्याची नजर प्रथम वहीकडे जाते, इंजिनाकडे नंतर. शेठजींच्या मुलाने किलोमीटर, लिटर आणि तूट यांचा तक्ता मांडला. हिशेब बिनचूक होता. त्यातून काढलेला अर्थ मात्र घाईचा होता. डिझेल कमी पडते, म्हणजे कोणीतरी ते काढते, असे ठरले. आणि टाकीची किल्ली एकाच माणसाकडे होती. चालक बारा वर्षांपासूनचा, साबे गावातल्या चाळीत राहणारा, घरातली मुले ज्याला काका म्हणत. शेठजींनी त्याचा फेरीभत्ता रोखून धरला आणि दिवाळीपर्यंत दुसरीकडे काम पाहण्यास सुचवले. तो इतकेच म्हणाला, "शेठ, गाडी ओढत नाही हे मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं."

त्याने खरोखरच सांगितले होते, दोन वेळा. अठरा पापस्थानांत अभ्याख्यानाचा क्रम तेरावा. प्रतिक्रमणात ते नाव दरवर्षी तोंडातून जाते, पण त्याचा विचार करताना माणसाला शेजारीपाजारी आठवतात. पगारपत्रकावरचा माणूस आठवत नाही.

गाडी तरीही दुरुस्त करणे भागच होते. पहिल्या गॅरेजवाल्याने डिझेल फिल्टर बदलला. फरक पडला नाही. मग त्याने टर्बो गेल्याचा निर्वाळा दिला, तोही गाडीचे बॉनेट पुरते न उघडता. खर्चाचा आकडा ऐकून शेठजींनी गाडी शिळफाट्याजवळच्या एका वयस्क मिस्त्रीकडे नेली. त्याने स्कॅनर जोडला. पडद्यावर पी ०१०१ हा संकेत उमटला. हवामापकाकडून येणारा आकडा अपेक्षित मर्यादेत बसत नाही, एवढाच या संकेताचा अर्थ. तो आकड्याबद्दल तक्रार करतो, सुटा भाग बाद झाल्याचे प्रमाणपत्र देत नाही. पुष्कळ ठिकाणी मात्र संकेत वाचला की लगेच नवा सेन्सर बसवला जातो, आणि महिन्याभराने गाडी पुन्हा दारात उभी राहते.

हवामापक म्हणजे हवेचा वजनकाटाच. एअर फिल्टरच्या पेटीतून निघून टर्बोकडे जाणाऱ्या वाटेवर तो बसवलेला असतो. त्याच्या आत एक अतिशय पातळ थर विजेने तापवून आत येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी उष्ण ठेवलेला असतो. वाहती हवा त्याला थंड करते. त्याची उष्णता टिकवण्यासाठी जितकी वीज अधिक लागेल तितकी हवा अधिक, असे गणित. तापलेल्या तारेने हवा मोजण्याची ही युक्ती जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी मोटारींत आणली. तारेची जागा पुढे पातळ थराने घेतली. डिझेल इंजिनात या आकड्यावरून संगणक दोन गोष्टी ठरवतो: जळालेला वायू ईजीआरच्या झडपेतून किती परत घ्यायचा, आणि धूर होऊ न देता जास्तीत जास्त किती डिझेल सोडायचे. काट्याने हवा कमी दाखवली की संगणक डिझेल आखडता घेतो. गाडी ओढत नाही, चालक खालचा गिअर टाकून पेडल दाबत राहतो, इंजिन अधिक फेरे घेते आणि त्याच रस्त्याला डिझेल जास्त लागते. वहीतली तूट अशी रस्त्यावरच जळत होती.

मिस्त्रीने जी पडताळणी केली ती कोणाही हिशेबनिसाला पटावी. इंजिन अडीच लिटरचे. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा घेते. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर नुसते चालू असताना ४०० वेळा, म्हणजे जास्तीत जास्त १००० लिटर. तासाला ६० घनमीटर. आपल्याकडच्या उष्ण हवेचे वजन घनमीटरला सुमारे १.१५ किलो धरले तर ६९ किलो. सिलिंडर पुरता भरत नाही म्हणून थोडी घट सोडली तरी ६० किलोच्या आसपास आकडा यायला हवा. स्कॅनरवर आला ३८. हा आकडा ईजीआरची झडप बंद करवूनच वाचावा लागतो. ती उघडी असेल तर कमी आकडा खराही असू शकतो. आवक किती असायला हवी हे आधी काढून मग काट्याकडे पाहणे ही तर दाणाबाजाराचीच रीत आहे.

त्यानंतर त्याने हवामापकाची जोडणी काढून गाडी चालवून पाहिली. संगणक अशा वेळी ठरीव आकड्यांवर काम करतो. गाडी हलकी चालली. मुलगा म्हणाला, "झालं तर मग, सेन्सरच गेलाय!" मिस्त्रीने मान हलवली. हवामापक आणि टर्बो यांच्यामधली रबरी नळी चिरलेली असेल, तर न मोजलेली हवा आत शिरते. तेव्हाही काटा कमीच दाखवतो आणि जोडणी काढल्यावर गाडी सुधारते. म्हणून नळी उतरवून, उजेडात वाकवून तपासली. ती धड होती. वायर कोठे घासलेली नव्हती, पिना स्वच्छ होत्या.

दोष सापडला फिल्टरच्या पेटीत. आतला फिल्टर स्वस्तातला, कडेला पेटीशी नीट न बसणारा. त्या फटीतून शीळ रस्त्याची धूळ महिनोन् महिने आत जाऊन तापत्या थरावर बसली होती. धुळीचे पांघरूण घेतलेल्या थराला हवा थंड करू शकत नाही. तो फिल्टर मागल्या वर्षी दुकानातूनच, दोनशे रुपये वाचवण्यासाठी, मागवला होता. बिल फाइलला होते.

हवामापक आधी त्याच्यासाठीच मिळणाऱ्या फवाऱ्याने धुतला. येथे कार्ब्युरेटर किंवा ब्रेक साफ करण्याचा फवारा चालत नाही. बोट, ब्रश, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नाही. पूर्ण वाळवून बसवल्यावर आकडा ४८ पर्यंत चढला आणि तेथेच थांबला. नवा घेणे आले. बाजारात तसाच दिसणारा, तसल्याच खोक्यातला भाग निम्म्याहून कमी किमतीत मिळत होता. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी मापे आणि नकली माल हे शेजारी-शेजारी आहेत. येथे तर नकली मालच खोटे माप झाला असता. शेठजींनी अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह घेतला.

बसवणे पाऊण तासाचे काम. बॅटरीची ऋण तार सोडायची, जोडणी काढायची, दोन स्क्रू, रबरी कडे नीट बसले की नाही ते पाहायचे, आणि अंगावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवायचा. पेटी आतून पुसून नवा, मापाचा फिल्टर घातला. संकेत पुसल्यावर आकडा ६१ आला.

महापेच्या चढावर भरली गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गेली. एका फेरीवर विश्वास न ठेवता चार वेळा टाकी काठोकाठ भरून मोजले; ॲव्हरेज ११.७ पडला. रोखलेला भत्ता शेठजींनी स्वतः साब्याला जाऊन दिला, संवत्सरीची वाट न पाहता. मुलगाही सोबत होता. चालकाने चहा दिला, पैसे मोजून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी कामावर येऊन एक अट घातली: फिल्टरची पेटी यापुढे त्याच्यासमोरच उघडायची. दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापनाचा शिक्का ज्या महिन्यात होतो, त्याच महिन्यात आता पिकअपचा फिल्टरही बदलतात, आणि वहीतल्या त्या नोंदीखाली दोन सह्या असतात.