सह्याद्रीच्या वाटा आणि घरची जीप

भोर गांव मागें टाकून पश्चिमेकडे निघालें, म्हणजे थोड्याच वेळांत सपाटी संपते आणि डोंगर अंगावर येऊं लागतात. वेळवंडी नदीवरील भाटघरचें धरण १९२७ मध्यें पुरें झालें; नीरेवरील देवघरचें धरण त्यामानानें अलीकडचें. महाडकडे जाणारा रस्ता या दुसऱ्या जलाशयाच्या कांठाकांठानें वळणें घेत हिरडोशीकडे जातो आणि पुढें वरंधा घाटाच्या तोंडाशीं पोंचतो. उत्तरेस राजगड व तोरणा, दक्षिणेस रायरेश्वराचें पठार आणि पश्चिमेस कोंकणांत उतरणारे कडे, असा हा मुलूख आहे. इतिहास वाचणाऱ्यास येथील प्रत्येक खिंड ओळखीची वाटते. परंतु पुस्तकांतली खिंड एका ओळींत ओलांडतां येते, आणि प्रत्यक्षांतली ओलांडावयास साधन लागतें. त्या साधनाविषयीं, म्हणजे आमच्या घरच्या जीपगाडीविषयीं, येथें लिहावयाचें योजिलें आहे. जुनें झालेलें, परंतु घरांतल्या माणसासारखें वाटणारें वाहन ठेवावें कीं विकावें, हा प्रश्न आमच्याप्रमाणें इतर घरांतही निघत असेल. त्यांस या हकीकतीचा कांहीं उपयोग झाला तर बरेंच आहे.

जीप हें वाहन युद्धांतून जन्मास आलें. १९४० मध्यें अमेरिकेच्या सैन्यानें, चारही चाकांस गति देणारी, हलकी अशी टेहळणीची गाडी कारखानदारांकडे मागितली. पहिला नमुना बॅन्टम नांवाच्या एका लहानशा कंपनीनें करून दिला. पुढें विलिस आणि फोर्ड यांनीं मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. आपल्याकडे १९४५ मध्यें महिंद्र आणि महंमद अशी एक पेढी निघाली. फाळणीनंतर त्यांतील गुलाम महंमद हे पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्यें पेढीचें नांव महिंद्र आणि महिंद्र असें झालें. याच पेढीनें विलिसच्या जीपगाड्या मुंबईंत जुळविण्यास आरंभ केला. पुढें त्या येथेंच बनूं लागल्या, आणि वनखात्यापासून पाटबंधारे खात्यापर्यंत जेथें जेथें रस्ता संपे, तेथून पुढें जीप सुरू होई.

नांवाची व्युत्पत्ति मोठी गमतीची आहे. 'जनरल पर्पज' या शब्दांच्या आद्याक्षरांपासून जीप झाली, असें एक मत. पॉपायच्या चित्रमालिकेंत १९३६ मध्यें अवतरलेल्या, वाटेल तेथें जाणाऱ्या 'यूजीन द जीप' नांवाच्या प्राण्यावरून तें आलें, असें दुसरें. यास्काचार्यांनीं रथ शब्दाचें मूळ गत्यर्थक धातूंत शोधलें आहे. सर्व नामें धातूंपासूनच झालीं असें म्हणणारे शाकटायन, ज्यांच्या स्वतःच्या नांवांतच शकट आहे, त्यांस जीप शब्दानें पेंचांत टाकलें असतें. तें मत न मानणारे गार्ग्य मात्र येथें जिंकले असते.

आमची जीप १९८९ च्या बनावटीची, एम्. एम्. ५४० या जातीची, डिझेलवर चालणारी. १९९८ मध्यें आम्हां तिघां भावांनीं मिळून ती एका ठेकेदाराकडून जुनी विकत घेतली. माझी शाळा तेव्हां डोंगरांतल्या एका गांवीं होती, मधल्या भावाची शेती त्याच अंगास होती, आणि धाकट्याचा दवाखाना भोरांत होता. पावसाळ्यांत ओढ्यांना पाणी आलें म्हणजे एस्. टी. अलीकडेच थांबे. आषाढ-श्रावणांत सर्पदंशाचा किंवा अडलेल्या बाळंतिणीचा निरोप आला, तर पूर्वीं झोळी करून चार माणसांनीं खांद्यावरून आणावें लागे. जीप आल्यापासून तें काम तिच्याकडे आलें. मागच्या समोरासमोरच्या दोन बांकांमधल्या जागेंत घोंगडी पसरून किती जीव भोरास आणले, याची नोंद आम्हीं ठेविली नाहीं; परंतु तीं माणसें बाजाराच्या दिवशीं भेटलीं, म्हणजे माझ्याआधीं जीपची खुशाली विचारतात.

जीपमध्यें गिअरच्या दांड्याखेरीज आणखी दांडे असतात, त्यांचें कारण पुष्कळांस ठाऊक नसतें. साध्या मोटारींत दोनच चाकांस गति मिळते. तीं चिखलांत गरगर फिरूं लागलीं, कीं गाडी अडते. जीपमध्यें दांडा ओढला, कीं पुढच्या आंसालाही इंजिनाची शक्ति मिळते. आणि आणखी एका दांड्यानें वेग कमी करून ओढण्याचें बळ वाढवितां येतें. बैलानें मान खालीं घालून चढावर जोर लावावा, तशी गाडी तेव्हां पावलापावलानें चढते. मात्र कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकें जुंपूं नयेत. वळणावर पुढचीं चाकें मोठा वळसा घेतात, मागचीं लहान. दोन्ही आंस एकमेकांस जखडलेले असले, म्हणजे हा फरक चाकांनीं घसरूनच भरून काढावा लागतो. चिखलांत तीं सुखानें घसरतात. डांबरावर तीं अडखळतात आणि सगळा ताण यंत्रावर येतो. विद्यार्थ्यांस भूमिति शिकवितांना वर्तुळांचा हा दाखला मीं अनेकदां दिला आहे.

या जीपनें आम्हांस जें दाखविलें, तें पायीं चालून कदाचित् आणखी चांगलें दिसलें असतें. परंतु आईस आणि घरच्या वडील मंडळींस तें कधींच दिसलें नसतें. वरंध्यास वाघजाईच्या देवळापाशीं थांबून, समोरच्या दरींतून वर येणारें धुकें पाहत गरम भजीं खाणें, हा आमच्या घरचा श्रावणांतला नेम होता. तेथें कावळ्या किल्ल्याची सोंडच फोडून रस्ता काढलेला आहे. एका किल्ल्याचे दोन भाग करून मधून जाणारी अशी वाट क्वचितच आढळते. घाट उतरून उजव्या हातास वळलें, म्हणजे शिवथरची घळ लागते. समर्थांनीं दासबोध सांगितला तो येथेंच, अशी श्रद्धा आहे; धुळ्याच्या शंकरराव देवांनीं १९३० मध्यें ही घळ शोधून काढली. आमच्या आईनें वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं धबधब्याच्या आवाजांत तेथें एक समास वाचला, तेव्हां बाहेर उभ्या असलेल्या जीपच्या चाकांना घाटांतली तांबडी माती लागलेली होती. घरीं आल्यावर तिनें ती माती धुऊं दिली नाहीं.

दुसरी आवडती वाट वेल्ह्याकडून केळदच्या मढे घाटाची. १६७० मध्यें सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले. त्यांचा देह उमरठ्यास नेला तो याच घाटानें, आणि त्यावरूनच घाटास हें नांव पडलें, अशी परंपरा आहे. आम्ही प्रथम गेलों तेव्हां केळदच्या अलीकडे रस्ता असा नव्हताच. मुरूम, धोंडे आणि मधून मधून ओढा. आतां तेथें डांबर आहे, आणि रविवारीं मोटारींची रांग असते.

आतां गाडींत केलेल्या फेरफारांविषयीं. कापडी हुड जाऊन पत्र्याचें छप्पर आलें. आडव्या बांकांच्या जागीं पुढें तोंड करून बसण्याच्या बैठका आल्या, कारण वहिनींना आडवें बसून घाटांत मळमळे. झिजलेले पाटे बदलले, रेडिएटर बदलला, पेटी उघडून दांत्यांचीं चाकें दोनदां नवीं घातलीं. तळाच्या पत्र्यास गंज लागून बाहेरची जमीन दिसूं लागली, तेव्हां मिस्त्रींनीं तो कापून नवा पत्रा जोडला. असें करतां करतां मूळची जीप कितीशी उरली, हा प्रश्न धाकट्यानें एकदां जेवतांना विचारला. मिलिंद राजास नागसेनानें हाच प्रश्न रथाविषयीं घातला होता: आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय, जूं म्हणजे रथ काय? यांतील कोणतेंही एक रथ नव्हे. सर्वांच्या जुळणीस दिलेलें नांव म्हणजे रथ. तत्त्वज्ञानाचें हें उत्तर. परिवहन कार्यालयाचें उत्तर त्याहून सोपें आहे: ज्या चौकटीवर चासीचा क्रमांक ठोकला आहे, ती गाडी.

पुतण्यास तेवढ्यानें समाधान नव्हतें. त्याला मोठें इंजिन हवें होतें, रुंद चाकें हवीं होतीं. "काका, गाडी नुसती उडेल," असें तो म्हणे. गाडीनें उडावें असें मला वाटत नव्हतें, ही गोष्ट निराळी. परंतु कायदाही आडवा होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणींत लिहिलेलें मूळ स्वरूप मालकास मनास येईल तसें बदलतां येत नाहीं. आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही कारखान्यानें ठरविलेल्या स्वरूपाबाहेरचे फेरफार चालणार नाहींत असा निर्णय दिला. पुतण्या हिरमुसला. तथापि मर्यादा नसलेली हौस पुढें कोठें थांबते हें सांगतां येत नाहीं, म्हणून मला तो निर्णय गैर वाटला नाहीं.

मग विकण्याची गोष्ट निघाली, ती २०२४ मध्यें. खासगी गाडीची नोंदणी प्रथम पंधरा वर्षांची आणि पुढें पांच पांच वर्षांनीं नवी करावयाची. त्याप्रमाणें आमची पाळी आली होती. १ एप्रिल २०२२ पासून हें शुल्क ६०० रुपयांवरून ५००० झालें होतें, आणि शिवाय पर्यावरण कर होताच. (पुढें २०२५ मध्यें वीस वर्षांवरील गाड्यांसाठीं शुल्क आणखी वाढविण्यांत आलें.) मधल्या भावाचें म्हणणें असें, कीं ज्यासाठीं गाडी घेतली तें कारणच संपलें. डिसेंबर २००० मध्यें सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेमुळें आणि इतर कामांमुळें वाड्यावस्त्यांवर रस्ते गेले. १०८ क्रमांक फिरविला कीं रुग्णवाहिका येते. जें व्हावें म्हणून आपण वीस वर्षें अर्ज केले, तेंच झालें. आतां त्याबद्दल दुःख कशाला करावयाचें? शिवाय मला रात्रीं समोरच्या दिव्यांचा त्रास होऊं लागला होता. या म्हणण्यांत खोडून काढण्यासारखें कांहीं नव्हतें.

गिऱ्हाइकेंही आलीं. त्यांतील एका तरुण मंडळीनें आमच्या अपेक्षेपेक्षां पुष्कळ अधिक रक्कम देऊं केली. गाडीचें छप्पर कापून, तिला उंच करून, पठारांवर व ओढ्यांत शर्यतीसारखी चालवावयाची असा त्यांचा बेत होता. ही हौस वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. त्यासाठीं राखलेल्या जागाही असतात. परंतु सह्याद्रीचीं कातळपठारें त्यासाठीं नव्हेत. तेथें खडकावर माती बोटभरही नसते, आणि त्या मातींतच पावसाळ्यांत बारीक फुलांचे गालिचे उमलतात. २०१२ मध्यें पश्चिम घाटास जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत कासचें पठारही आहे. अशा मातीवरून चाक एकदां गेलें, कीं चाकोरींत पाणी वाहूं लागतें आणि उरलेली माती घेऊन जातें. जी गाडी रस्ता नव्हता म्हणून डोंगरांत गेली, तिनें रस्ता असतां तो सोडून डोंगर तुडवावा, हें मनास पटेना. रक्कम मोठी होती, आणि नातीच्या शिक्षणाचा खर्च समोर होता. तरी नको म्हणून सांगितलें. त्या दिवशीं घरांत फारसें कोणी बोललें नाहीं.

सुभाषितकारांनीं द्रव्यास तीनच वाटा सांगितल्या आहेत: द्यावें, भोगावें, नाहीं तर तें नासतें. उपभोग सव्वीस वर्षें झाला होता. दारांत उभी ठेवली असती, तर गंजानें तिसरी वाट दाखविलीच असती. राहिली पहिली. मधल्या भावाचा मुलगा आतां शेतावरच राहतो. शेवटचा मैलभर रस्ता अद्याप कच्चा आहे, आणि भाताचीं पोतीं, खत, आजारी जनावरांचा डॉक्टर यांची ने-आण त्याच वाटेनें होते. मधल्या भावाचा विक्रीचा आग्रह होता, म्हणून त्यासच प्रथम विचारलें. त्यानें बराच वेळ विचार करून सांगितलें, "दादा, गाडी घरांत राहणार असेल, तर नोंदणीचा खर्च माझा." नातीच्या शिक्षणासाठीं धाकट्यानें हात पुढें केला. एकत्र कुटुंबाचा हिशेब वहीच्या एकाच पानावर जुळत नाहीं. तो पानें उलटून पाहावा लागतो.

तेव्हां नोंदणी २०२९ पर्यंत नवी केली, आणि एकोणतीस व तीस क्रमांकांचे अर्ज भरून गाडी पुतण्याच्या नांवें केली. दोन अटी घातल्या: इंजिन मूळचेंच राहील, आणि कोणीही आजारी माणसासाठीं हांक मारली, तर भाडें घ्यावयाचें नाहीं. त्यानें तिसरी अट स्वतः घातली. गाडीस पन्नास वर्षें २०३९ मध्यें पुरीं होतील; २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपांतल्या गाडीस पुरातन वाहन म्हणून नोंदवितां येतें. छप्पर आणि बैठका बदललेल्या आमच्या जीपला तो मान मिळेल कीं नाहीं, हें त्या वेळचे अधिकारी ठरवितील. परंतु जुना कापडी हुड आणि आडवे बांक माळ्यावर आहेत, ते तो परत बसविणार आहे.

व्याकरणांत स्वामित्व षष्ठी विभक्तीनें दाखवितात. 'माझी जीप' म्हणण्याची मला सव्वीस वर्षांची संवय. आतां 'पुतण्याची जीप' म्हणतों. शब्द बदलला, संबंध राहिला. ज्यांच्या घरीं असें जुनें वाहन असेल, त्यांनीं किंमत ठरविण्यापूर्वीं एवढेंच पाहावें, कीं आपल्या दारांतून गेल्यावर तें कोणत्या वाटेनें जाणार आहे. परवां पुतण्यानें निरोप धाडला आहे: भातलावणी आटोपली, कीं सर्वांनीं वाघजाईस यावें, गाडी न्यावयास येईल.