दुगुनीवरचा ठाय आवाज

आमच्या अहमदपुरात डीजे म्हटलं की वरातीतला पिकअप आठवतो. वर स्पीकरच्या चळती, मागे जनरेटर, आणि बेस पडला की गल्लीभरच्या पत्र्यांना सुटणारी थरथर. रात्री 10 चा नियम सगळ्यांना पाठ आहे. पाळायचा मात्र शेजाऱ्यानं. म्हणून एका गायिकेनं स्वतः लावलेला ड्रम अँड बेसचा सेट हेडफोनवर ऐकायला घेतला, तेव्हा आवाज आधीच कमी करून ठेवला होता.

ड्रम मिनिटाला 170 च्या पुढे धावत होते, पण बेस त्यांच्या निम्म्या चालीनं, आणि गाणारीचा आवाज बेसच्या बाजूचा. सोल-जॅझकडे झुकणाऱ्या या मवाळ शाखेला लिक्विड म्हणतात. लंडनच्या फाबियो या डीजेनं 2000 च्या सुमारास हे नाव रूढ केलं. मला मात्र शिवनाम सप्ताह आठवला. गावातल्या वीरमठामुळे इकडे मन्मथस्वामींच्या परमरहस्य ग्रंथाचं पारायण, शिवपाठ, रात्रीचं शिवकीर्तन घरोघरी ठाऊक. मन्मथस्वामींचा अभंग रंगात येतो, मृदंग दुगुनीत शिरतो, टाळ पेटतात. आणि चांगला गायक नेमका तेव्हा आवाज लांबवतो. घाई मृदंगाची, त्याची नव्हे.

ड्रम अँड बेसवाल्या गोल्डीच्या 1994 च्या ‘इनर सिटी लाइफ’ या गाण्यात गायिका डायान शार्लमेन हेच करते. खाली तालाचे तुकडे उडत असतात आणि ती एकेक स्वर निवांत धरून ठेवते. तल्विन सिंगनं या तालात तबला आणला, त्याच्या ‘ओके’ या अल्बमला 1999 मध्ये मर्क्युरी पारितोषिकही मिळालं. पण मला नातं सापडलं ते तबल्यात नाही, गळ्यात.

मृदंगी मात्र इथे समोर नसतो. या संगीताचा बराचसा ताल विन्स्टन्स या बँडच्या 1969 च्या ‘आमेन, ब्रदर’मधल्या जेमतेम सहा-सात सेकंदांच्या ड्रमवादनातून कापलेला आहे. वाजवणारा ग्रेगरी कोलमन. जग त्याच्यावर नाचलं, त्याला त्यातून काही मिळालं नाही. म्हणजे डोळ्याला डोळा देऊन समेवर यायला साथीदारच नाही. ती जबाबदारी सेट लावणाऱ्यावर, आणि तिथे गायिका असल्याचा फरक पडतो. दोन गळे एकमेकांवर पडू नयेत म्हणून ती मध्ये बिनशब्दांचा तुकडा घालते, पुढचं गाणं आधीच्या सुराला जुळणारं निवडते, स्वतः गायची ती जागा मोकळी झाल्यावरच. श्वास कुठे घ्यायचा हे तिला यंत्राकडून शिकावं लागत नाही.

वरातीत डीजे वाजवणाऱ्या ओळखीच्या पोराला हा सेट ऐकवला. दोन मिनिटं ऐकून म्हणाला, “काका, बेस पडतच नाही की ह्याच्यात. नाचायचं कधी?”

“टाळकरी पावली खेळतेत तसं. पाय निम्म्या लयीवर टाकून बघ.”

त्यानं बसल्या बसल्या पाय हलवून पाहिला. जमला. “पण वरातीत नाही चालायचं हे,” तो म्हणाला.

नाहीच चालणार. मीही आग्रह केला नाही.