परदेशी खरवस

दौऱ्यावर असताना सरकारी विश्रामगृहातील जेवणाचा शेवट बहुधा ठरलेला असतो. बशीत उपडे केलेले, तांबूस पाकात डुलणारे कॅरामेल कस्टर्ड! फ्रान्समध्ये यास 'क्रेम कॅरामेल' म्हणतात, स्पेनमध्ये 'फ्लान'. साहेबाच्या अमदानीत ते डाकबंगल्यांत रुजू झाले. साहेब गेला, तरी त्याच्या बदलीचा हुकूम काही निघाला नाही.

गेल्या साली अशाच एका मुक्कामी पहिला चमचा तोंडात घातला आणि आम्हांला आठवला तो खरवस. तीच थरथर, तोच मऊपणा! आणि खरवसापाठोपाठ आठवली आई. कोकणातले घर बंद करून, गाय शेजाऱ्यांच्या स्वाधीन करून ती आमच्या दिल्लीच्या क्वार्टरात येऊन राहिली होती. तक्रार कसलीच नव्हती. पण चार घास खाऊन ती पान सारी. "इकडे चीक मिळतो का रे?" एवढे एकदाच तिने विचारले होते. ज्यांच्या घरी दूध पिशवीतून येते, त्यांनी या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

खानसाम्याकडून कृती उतरवून घेतली. अर्धा लिटर दूध, तीन अंडी, पाच चमचे साखर. पाकासाठी निराळी साखर. परत आल्यावर पहिल्या रविवारी पाक जळून कडू झाला. दुसऱ्या रविवारी पाक साधला, पण आच मोठी राहिली आणि चोथापाणी निराळे झाले. अंड्यादुधाचे मिश्रण ऐंशी अंशांच्या आसपास धरू लागते. खळखळत्या पाण्याचे शंभर अंश त्याला सोसत नाहीत, हे ज्ञान सहा अंडी खर्ची पडल्यावर झाले.

"आईंना अंड्याचे सांगूच नका," कचेरीतील एका स्नेह्याने सल्ला दिला. आईने जन्मात अंडे खाल्ले नव्हते. सत्य न सांगता खोटेही न बोलणारी टिपणे आम्ही नोकरीत पुष्कळ लिहिली आहेत. पण आईच्या पानात तसले टिपण वाढण्यास हात धजेना. तिसऱ्या रविवारी आम्ही तिला सारे सांगून टाकले.

ती क्षणभर गप्प राहिली. मग स्वयंपाकघराच्या दाराशी पाट घेऊन बसली. "भांड्यावर ताटली ठेव. वाफेचे पाणी आत पडले की खरवस बिघडतो. आच बारीक कर. पाणी बोलायला लागले, की समज जास्त झाली." सूनबाई आणि आम्ही हाताखालच्या माणसांप्रमाणे हुकूम पाळीत होतो. मध्येच तिने सुरी खुपसून पाहण्यास सांगितले. सुरी स्वच्छ निघाली! खरवस कधीही न पाहिलेल्या आमच्या दिल्लीकर कन्येने दोन वाट्या फस्त केल्या. आई तिच्याकडे पाहत राहिली. तिची स्वतःची वाटी मात्र रिकामीच होती.

त्या रात्री आम्हांला आल्फ्रेड बर्ड आठवला. बर्मिंगहॅमच्या या औषधविक्रेत्याच्या पत्नीला अंडे सोसत नसे. म्हणून १८३७ साली त्याने मक्याच्या पिठाची, बिनअंड्याची कस्टर्ड पावडर तयार केली. बिचाऱ्याने अंडे लपविले नाही. अंड्यावाचून मार्ग काढला. आम्ही तर आईला नुसते खरे सांगून मोकळे झालो होतो!

पुढच्या रविवारी तीच पावडर दुधात दाट शिजवून, वेलदोडा घालून, पाकाच्या वाटीत गार केली. आईपुढे वाटी उपडी करताना आमचा हात किंचित कापत होता. तिने एक चमचा चाखला.

"खरवस नव्हे हो हा," ती म्हणाली. आम्ही मान खाली घातली.

"पण पाक छान साधलाय. आणखी थोडे वाढ."